स्लॅशर कथा लिहिताय? या चुका टाळा आणि रक्त जरा उशिरा सांडा

दिवाळी अंकाकडे येणाऱ्या भयकथा वाचायचं काम माझ्याकडे असतं. हल्ली त्यात भुतं कमी आणि मुखवटेवाले खुनी जास्त, म्हणजे एकामागून एक माणसं मारत सुटलेल्या खुन्याच्या ‘स्लॅशर’ कथा. माझी तक्रार नाही, हा प्रकार मला मनापासून आवडतो. पण दरवर्षी चुका त्याच त्या, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पहिल्याच पानावर मुडदा. दुसऱ्या पानावर आणखी दोन, चौथ्यापर्यंत आतडी बाहेर. लिहिणाऱ्याला वाटतं, वाचक टरकला. वाचक तोवर कंटाळलेला असतो, कारण मेला तो कोण हेच त्याला ठाऊक नसतं. जॉन कारपेंटरचा ‘हॅलोविन’ (1978) हा सिनेमा नीट बघा. सुरुवातीला एक खून होतो आणि मग बराच वेळ तो खुनी नुसता दिसत राहतो. भर दिवसा, कुंपणाच्या झुडपापाशी, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. नायिका लॉरी पुन्हा बघते तर तिथे कोणी नाही. रक्त तर नावालाच. तो सुटून गावात आलाय हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. आपण खुर्चीत चुळबुळ करतो ती त्यामुळे.

‘सायको’ सिनेमाची (1960) तर सगळे नक्कल करतात. त्यातली मॅरियन 40 हजार डॉलर चोरून घेऊन पळालेली असते. मोटेलच्या खोलीत बसून ती कागदावर हिशेब मांडते: किती गेले, किती परत करायचे. मग कागद फाडते, तुकडे संडासात टाकून पाणी सोडते आणि आंघोळीला जाते. शॉवरखाली होणाऱ्या तिच्या त्या पाऊण मिनिटाच्या खुनाची नक्कल शंभर जण करतात, आधीच्या हिशेबाची कोणी करत नाही. बाई परत जायला निघालीय, हे कळल्यावरच तो सुरा लागतो.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे घर. एका मुलाची कथा आली होती. मुळशीकडचं फार्महाऊस, सहा मित्र, पाऊस, कोयता. पोरगा लिहितो छान. पण खुनी मागच्या दाराने आत येतो आणि दोनच पानं आधी नायिकेने त्या दाराला आतून कडी घातलेली. फोन केला तर म्हणे, “मॅडम, फ्लोमध्ये ते कळत नाही.” मी म्हटलं, घराचा नकाशा काढून पाठव. पाठवला. त्यात जिनाच नव्हता आणि कथेत तिघं वर झोपलेली.

बरेच दिवस रुसला होता. मग नवा खर्डा आला. त्यात संध्याकाळीच राखणदार सांगून जातो, की पावसाने मागचं दार फुगलंय, जोर लावून ओढल्याशिवाय कडी बसत नाही. रात्री एक मैत्रीण सिगारेट ओढून आत येते आणि दार नुसतं लोटते. पुढची तीन पानं पत्ते, चहा, कुणीतरी कुणाचे पैसे बुडवल्याचं भांडण. खुन्याचा पत्ता नाही. आणि मला ती पानं सावकाश वाचवेनात!

मी स्वतः पाठकोऱ्या कागदावर घर काढते. कुठली कडी आतून, कुठली बाहेरून, दिव्याचं बटण कुठे, कोयता कुठल्या खिळ्याला. शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. मात्र पेन्सिलीनेच काढते, कारण भिंती सरकवाव्या लागतात.

बाकीचं भराभर. मोबाईलला रेंज नाही, हे खून सुरू झाल्यावर सांगू नका, आधी सांगा. खुन्याचं बालपण शेवटच्या पानावर उलगडू नका, तिथे कोणाला सहानुभूती नको असते. शेवटी भलताच माणूस आणून “हाच तो” म्हणू नका. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये (1980) खुनी बाई थेट शेवटाकडे समोर येते आणि ते खपून गेलं, तुमचं खपणार नाही. स्वप्न होतं म्हणाल तर कथा परत.

कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने 1987 मध्ये ‘फायनल गर्ल’ची, म्हणजे शेवटी उरणाऱ्या मुलीची, मांडणी केली. तेव्हापासून लोक सोज्वळ मुलगी उरवतात आणि मोकळे होतात. अहो, ती सावध असते, डोळे उघडे ठेवते, ते कुठे गेलं? लॉरी हाताला लागेल ते वापरते. विणायची सुई, कपाटातला तारेचा हँगर. तुमची नायिका चार पानं नुसती किंचाळते.

आणि घाई. रात्री दोनला कथा संपते, दोन वाजून पाच मिनिटांनी मला मेल. सोबत “ट्विस्ट जबरदस्त आहे” अशी ओळ. आठवडाभर तरी ठेवा की बाजूला, मग मोठ्याने वाचा. जिथे तुमचाच आवाज सपाट पडतो, तो परिच्छेद काढा. शीर्षकात ‘थरार’ हा शब्द असलेली कथा मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवते, हेही सांगून ठेवते.