क्रूसाच्या गोधडीचा चौकोन शिवताय? या चुका टाळा

रंगीबेरंगी तुकड्यांच्या गोधडीत एखादी शिवण सूतभर सरकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. क्रूसाचं तसं नाही. पांढऱ्या कापडावर एक उभी पट्टी आणि एक आडवी, एवढंच काम. त्यामुळे जिथे चूक असेल तिथेच डोळा जातो. बाप्तिस्म्याचं दुपटं असो वा घरच्या वेदीमागे टांगायची गोधडी, हा चौकोन घाईत करायचा नाही.

आधी मापं. तयार १२ इंचांच्या चौकोनात १० इंच उंच आणि साडेसात इंच रुंद क्रूस छान बसतो. पट्टीची रुंदी अडीच इंच. पाव इंच माया (शिवणीत आत जाणारं कडेचं जादा कापड) धरून रंगीत तुकडे असे कापा: माथा ३ × ३, आडवी पट्टी ८ × ३, खालचा दांडा ३ × साडेपाच. पांढऱ्यात माथ्याच्या बाजूंना सव्वापाच × ३ चे दोन, आडव्या पट्टीच्या टोकांना पावणेतीन × ३ चे दोन, दांड्याच्या बाजूंना सव्वापाच × साडेपाचचे दोन, आणि वर-खाली लावायला साडेबारा × दीडच्या दोन पट्ट्या. तीन ओळी शिवायच्या, त्या एकमेकींना जोडायच्या, शेवटी वरखालच्या पट्ट्या.

चौकोन लहान का होतो?

जवळजवळ नेहमी मायेमुळे. पाव इंच म्हणजे दोन सूत. ब्लाउज शिवणारा हात सवयीने जास्त माया घेतो. समजा तीन सूत घेतली. प्रत्येक शिवणीला दोन्ही तुकड्यांचं मिळून दोन सूत जादा कापड आत गेलं. रुंदीत दोन शिवणी आहेत, म्हणजे अर्धा इंच गेला. उंचीत चार आहेत, म्हणजे अख्खा एक इंच. बारा बाय बाराऐवजी साडेअकरा बाय अकरा! असे चौकोन ओढून-ताणून जोडले की गोधडी लाटा मारते.

मशीनच्या कापड दाबणाऱ्या फुटाची कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून बघा. मधली पट्टी बरोबर एक इंच उरली पाहिजे. नसेल तर सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा, फक्त कापड पुढे सरकवणारे दाते झाकू नका. चौकोन आधीच लहान झाले असतील तर उसवत बसू नका. चारही बाजूंना पांढऱ्या रुंद पट्ट्या जोडा आणि सगळे चौकोन एकाच मापात कापा.

दांडा तुटल्यासारखा दिसतो

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. आडवी पट्टी अखंड असल्यामुळे माथ्याच्या शिवणी दांड्याच्या शिवणींना कुठेच भेटत नाहीत. जुळवायला खूण मिळत नाही आणि दांडा एका बाजूला सरकतो. उपाय सोपा आहे. तिन्ही ओळी दुमडून मध्यावर खडूची खूण करा, आधी मध्याला टाचणी, मग टोकांना. शिवल्यावर माथ्याच्या कडेला मोजपट्टी धरून खाली दांड्यापर्यंत बघा. सूतभर फरक असला तरी ती एकच शिवण उसवा. इथे आळस नको.

दिशा जोडण्याआधी ठरवा. चौकोन चारी बाजूंनी सारखा, पण क्रूस सारखा नाही. एखादा उलटा लागून जातो. सगळे जमिनीवर मांडा, मोबाईलवर फोटो काढा, मग शिवा. पलंगावरच्या गोधडीत बाजूला लोंबणारे क्रूस आडवे दिसतात आणि काही पायाशी येतात. म्हणून मी क्रूस मधल्या भागातच ठेवा असं सांगेन, कडेला साधे चौकोन.

समान भुजांचा क्रूस घेतला की दिशेचा प्रश्न मिटतो, पण तो पांढऱ्यावर लाल करू नका. ती रेडक्रॉसची खूण होते, आणि भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तिच्या वापरावर निर्बंध आहेत. कॅथलिक उपासनेचे रंग पाळायचे तर नाताळ आणि ईस्टरला पांढरा, नाताळआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा. जांभळ्या कापडावर पांढरा क्रूस फार देखणा दिसतो.

कापड, इस्त्री आणि पाऊस

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेलं गडद सुती कापड न धुता कधीच कापू नका. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून इस्त्री दाबा. रुमाल रंगला तर पुन्हा धुवा. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वापरताना त्याला आधी खळ द्या, नाहीतर मऊ कापड सुईखाली ताणतं. पट्ट्या उभ्या धाग्याला धरूनच कापा. उरेप, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लांबते आणि क्रूस वाकतो. इस्त्री घासू नका, वरून दाबा, आणि माया गडद कापडाकडे वळवा, म्हणजे पांढऱ्यातून सावली दिसणार नाही.

वरचं कापड, कापूस आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र करताना मध्यापासून बाहेर कच्चे टाके घाला. कडेपासून धावदोरा घालत आत आलात तर सगळा फुगवटा नेमका क्रूसावर जमतो. धावदोरा क्रूसावरून न नेता कडेने, दोन सूत अंतर सोडून घाला.

ठाण्यातल्या मासुंदा तलावाजवळचं चर्च ज्यांच्या नावाचं आहे त्या संत योहान बाप्तिस्तांचा सण २४ जूनला येतो. त्या दिवसासाठी गोधडी करणार असाल तर मे महिन्यातच संपवा. ठाण्याच्या पावसात कापसाचा थर लवकर सुकत नाही आणि कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. धुतल्यावर रंग फुटलेला दिसला तर गोधडी वाळू देऊ नका, इस्त्रीही नको. ओली असतानाच भरपूर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.