लिनक्स सर्व्हर अचानक पडला? कारण असं शोधा

सर्व्हर परत वर आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विषय तिथेच सोडतात, तसं करू नका, पुरावे ताजे असतात तेव्हाच बघायचं. मशीन अजून अडकलेलंच असेल तर रिसेट मारायच्या आधी कन्सोलच्या स्क्रीनचा फोटो काढा, कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोलमडणं) झाला असेल तर तो मेसेज बऱ्याचदा फक्त तिथेच असतो, डिस्कवर लिहायला वेळच मिळालेला नसतो.

आधी अपटाइम, म्हणजे सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. तो कित्येक दिवसांचा असेल तर सर्व्हर पडलेलाच नाही, फक्त ॲप्लिकेशन मेलंय, आणि ते वेगळं प्रकरण आहे. अपटाइम कमी असेल तर 'लास्ट मायनस एक्स शटडाउन रिबूट' ही कमांड चालवा. नवीन नोंद वर असते, म्हणून रिबूटच्या ओळीखाली शटडाउनची ओळ दिसली तर कोणीतरी रीतसर बंद केला होता, नसेल तर क्रॅश नाहीतर वीज गेली.

आता जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदींमध्ये, आधीच्या बूटचा (पडण्याआधी सर्व्हर चालू होता त्या वेळचा) शेवट बघा: 'जर्नलसीटीएल मायनस बी मायनस वन मायनस ई'. काहीच आलं नाही तर व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचा फोल्डर आहे का बघा, तो नसेल तर बहुतेक ठिकाणी जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रिबूटला जातो. मग रेडहॅटवर मेसेजेस, उबुंटूवर सिसलॉग ही फाइल उघडा. वेळ जुळवताना जपा, सर्व्हर किंवा बीएमसीचं (हार्डवेअरवर लक्ष ठेवणारी सर्व्हरमधली वेगळी चिप) घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात.

'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' दिसलं तर लगेच मेलेल्या प्रोसेसला दोष देऊ नका, कर्नल साधारणपणे जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो, पण मेमरी वाढवत नेणारी दुसरीच असू शकते. तिथेच सगळ्या प्रोसेसची यादी छापलेली असते, त्यातला आरएसएसचा (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली मेमरी) आकडा केबीत नसून पेजेसमध्ये असतो, बहुतेक मशीनवर एक पेज 4 केबीचं, म्हणजे 20 लाख दिसलं तर जवळपास 8 जीबी. सोबत 'सार' ही कमांड चालवून बघा, ती ज्यात येते ते सिसस्टॅट हे नोंदी ठेवणारं पॅकेज चालू असेल तर सहसा दर 10 मिनिटांची मेमरी आणि लोडची नोंद मिळते.

लॉग मध्येच तुटलाय, एकही एरर नाही, हीसुद्धा माहितीच आहे, आणि मला तरी अशा वेळी पहिला संशय हार्डवेअरचा किंवा विजेचा येतो. 'आयपीएमआयटूल सेल लिस्ट' चालवा, ती बीएमसीने ठेवलेल्या हार्डवेअरच्या नोंदी दाखवते, पॉवर सप्लाय, तापमान, मेमरीच्या ईसीसी एरर (मेमरीने स्वतः पकडलेल्या चुका) तिथे सापडतात.

तरीही हाती काही लागलं नाही तर केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी साठवणारी सोय) लावून ठेवा, क्रॅशकर्नलसाठी, म्हणजे क्रॅशनंतर हे काम करणाऱ्या दुसऱ्या कर्नलसाठी, मेमरी राखून ठेवायची म्हणजे पुढच्या पॅनिकला व्हीएमकोर ही मेमरीच्या प्रतीची फाइल बहुतेक वेळा व्हार-क्रॅशमध्ये पडते. टेस्ट मशीनवर सिसआरक्यू ट्रिगरला (कर्नलला थेट आदेश देणारी फाइल) सी पाठवून ती खरंच पडते का तपासा, प्रॉडक्शनवर अजिबात नाही, त्याने मशीन तिथल्या तिथे क्रॅश होतं.