भिंतीआडचं काम दाखवायचंय? अ‍ॅनिमेशनआधीची तयारी

बांधकामातलं जे काम अ‍ॅनिमेशनमध्ये दाखवायचंय, ते सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा साइटवर होताना बघून या. उदाहरणार्थ केमिकल अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये रेझिनने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) पक्का बसवलेला रॉड. कॅटलॉगमध्ये तो म्हणजे एक भोक, थोडं रेझिन आणि एक रॉड. प्रत्यक्षात सगळी मदार भोक साफ करण्यावर असते: पंपाने फुंकायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, परत फुंकायचं. भुकटी राहिली तर रेझिन काँक्रीटला धरतच नाही आणि भार आला की अँकर उपसून येतो. बाहेरून मात्र साफ भोकातला आणि भुकटी राहिलेल्या भोकातला, दोन्ही अँकर सारखेच दिसतात. अ‍ॅनिमेशन करायचं ते नेमकं यासाठी, त्यामुळे पंप आणि ब्रशला आठ-दहा सेकंद सढळ हाताने द्या. रेझिनच्या नळीचं टोक, म्हणजे नोझल, तळापर्यंत नेऊन रेझिन भरत भरत मागे घ्यायचं, नाहीतर तळाशी हवा कोंडते. हा क्षण भोक उभं कापून दाखवला तरच समजतो.

उत्पादकाकडून थ्रीडी फाइल आणि वापराची सूचनापुस्तिका मागवा. पुस्तिका चालू आवृत्तीचीच आहे ना, हे विचारून घ्या. रेझिन घट्ट व्हायला लागणारा वेळ तापमानावर ठरतो, म्हणून पडद्यावर नुसतं घड्याळ फिरवू नका, शेजारी तापमानही लिहा.

मापांचा हिशोब कागदावर करा. १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत २ मीटरची भिंत बसवली, तर ४ मिलिमीटरचा वॉटरप्रूफिंगचा थर जेमतेम २ पिक्सेलचा उरतो. जाडी फुगवून दाखवायचा मोह होतो, पण मग बघणारा जाडीबद्दल चुकीचा समज करून घेतो. त्यापेक्षा कॅमेरा जवळ न्या, किंवा फुगवलीच तर तसं चौकटीतच लिहा. प्रत्येक थराचा रंग एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच.

चुकीची पद्धत दाखवणार असाल तर लाल फुली पूर्ण वेळ ठेवा, कारण त्यातलं एखादं चित्र सुटं होऊन फिरतं. साइटवर आवाज ऐकू येत नाही, तेव्हा निवेदनाशिवायही क्रम कळायला हवा.

रेंडरिंगला, म्हणजे अंतिम चित्रं तयार करायला, लावण्याआधी साधा करडा मसुदा मोबाईलवर एखाद्या अनुभवी मिस्त्रींना दाखवा, आवाज बंद ठेवून. मग त्यांनाच पायऱ्या सांगायला सांगा. ते जिथे अडखळतील, तो शॉट पुन्हा मांडा.