थंडीत तळ्यात जाळे ओढू नका, माशांच्या अंगावरची बुळबुळ जपा

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शेततळ्यातील मृगळ, कटला आणि रोहू यांच्या अंगावर लाल चट्टे उठून पुढे खोल जखमा होतात, तेव्हा दोष पाण्याला किंवा मत्स्यबीजाला दिला जातो; परंतु अशा तळ्यांत आजारापूर्वी वाढ तपासण्यासाठी किंवा विक्रीसाठी ऐन थंडीत जाळे ओढलेले असते, हे मी वारंवार पाहिले आहे.

खवले म्हणजे माशाचे बाहेरचे चिलखत, हा समज चुकीचा आहे. ते कातडीच्या आतल्या थरात रुजलेले असतात आणि त्यांच्यावर जिवंत पेशींचे पातळ आवरण असते. याच आवरणातून पाझरणारी बुळबुळ ही माशाच्या संरक्षणाची पहिली फळी असून तिच्यात जिवाणूंची भित्तिका फोडणारे लायसोझाइम आणि प्रतिपिंडे असतात. जाळ्याच्या गाठींनी किंवा कोरड्या हातांनी ती पुसली गेली, एखादा खवला उपटला गेला, की अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवाच्या बीजाणूंना मांसापर्यंत वाट मिळते आणि हा लाल चट्ट्यांचा आजार जडतो.

उन्हाळ्यात शरीरातली दुसरी फळी, म्हणजे रक्तपेशी आणि प्रतिपिंडे, माशाला सावरू शकते. माशाच्या हाडांत रक्तपेशी बनत नाहीत. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो. मात्र माशाचे शरीर पाण्याइतकेच गार होत असल्याने थंडीत प्रतिपिंडे तयार होण्यास अनेक आठवडे लागू शकतात, आणि हा आजार तर १८ ते २२ अंश सेल्सिअसमध्येच जोर धरतो. त्यात जाळ्याच्या धसक्याने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते व उरलासुरला प्रतिकारही दडपला जातो. म्हणून पाणी गार असताना जाळे ओढू नका. विक्री थंडीपूर्वी उरका किंवा पाणी तापेपर्यंत थांबवा.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ महागड्या बाटल्या विक्रेते याच दिवसांत गळ्यात मारतात. खरवडलेली कातडी त्यांनी भरून येत नाही. तो पैसा चुन्यावर आणि गाठी नसलेल्या मऊ जाळ्यावर खर्च करावा. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने मुळीच टाकू नयेत.

नेहमीची कामे:
- चुना: पाण्याचा सामू (पीएच) तपासून हेक्टरी १०० ते २०० किलो, ३० × ३० मीटरच्या तळ्यास ९ ते १८ किलो.
- चट्टे दिसताच सिफॅक्स (या आजारावरचे पाण्यात टाकायचे औषध): १ मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी १ लिटर; खोलीनुसार मात्रा वाढवावी.
- खाद्य कमी करावे, ऊन चढल्यावर द्यावे.
- मेलेले मासे रोज काढून चुन्यासह पुरावेत.
- एका तळ्यातील जाळे दुसऱ्यात नेण्यापूर्वी उन्हात कडक वाळवावे.

माझा एक अंदाज शिफारशीत नाही, तरी सांगतो: उत्तरेचा गार वारा थांबल्यावरही आठवडाभर माशांना हात लावू नये, कारण हवा तापली तरी खोल तळ्याचे पाणी लवकर तापत नाही. मासा काढणे अगदीच अटळ असेल, तर दुपारी, ओल्या हातांनी, थोडेच मासे धरावेत आणि धरलेला मासा पुन्हा तळ्यात सोडू नये.