लस घेतल्याचा अनुभव कसा सांगायचा, दुसऱ्याचा कसा ऐकायचा, आणि टक्क्यांचं काय करायचं

"दोन डोस घेऊन पण झालाच ना कोविड, मग काय उपयोग?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने "दोन डोस" म्हटलं की पुढचं मला पाठ आहे. आणि उलट बाजूचं पण तेवढंच पाठ आहे, "मी लस घेतली म्हणून वाचलो". गंमत म्हणजे आमच्या घरात ही दोन्ही वाक्यं एकाच आजारपणावरून निघाली, मामाच्या. मामा म्हणतो काही उपयोग झाला नाही, मामी म्हणते लशीमुळेच घरी बरा झाला. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, दोघांनी एकच गोष्ट बघितलीय, आणि खरं सांगायचं तर त्या एका आजारपणावरून दोघांनाही काहीच सिद्ध करता येत नाही, कारण लस न घेतलेला मामा आपल्याकडे तुलनेला नाहीये. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, असा अनुभव आला की त्याचं करायचं काय.

पहिलं काम एकदम साधं आहे, तारखा काढा. कुठली लस, कितवा डोस, कुठल्या तारखेला, आणि आजारी कधी पडलात. सर्टिफिकेटवर डोसची तारीख असतेच, रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याची तारीख पण कुठेतरी फोनमध्ये पडलेली असते. निम्मी भांडणं इथेच मिटतात. माझ्या ओळखीतल्या एक काकू वर्षभर सांगत होत्या की लशीमुळेच कोविड झाला, तारखा बघितल्या तर पहिल्या डोसनंतर चौथ्याच दिवशी लक्षणं सुरू. शरीराला लशीची ओळख पटून तयारी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि कोविडची लक्षणं दिसायला लागण झाल्यापासून काही दिवस जातात, म्हणजे काकूंना लागण बहुतेक डोसच्या आगेमागेच झालेली, लशीला काम करायला वेळच मिळाला नव्हता. आणि लशीमुळे कोविड होऊ शकत नाही, कारण फायझर, मॉडर्ना, अ‍ॅस्ट्राझेनेका (भारतात कोविशील्ड म्हणतात ती हीच), कोव्हॅक्सिन यातल्या एकाही लशीत आजार देऊ शकेल असा जिवंत कोरोना विषाणू नाही. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू आहे, पण निष्क्रिय केलेला.

दुसरं, साइड इफेक्ट आणि लशीचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका पिशवीत घालू नका. मला पहिल्या डोसच्या रात्री जबरदस्त थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, दोन गोधड्या घेऊन पण दात वाजत होते, आणि बहिणीला काहीच नाही, हात पण दुखला नाही धड. तर ती आठवडाभर काळजीत, की माझ्यात काही तयारच झालं नाही की काय. तसं नसतं. ताप आला म्हणजे लस लागू पडली आणि नाही आला म्हणजे पाणी टोचलं असा हिशोब लावायचा नाही, चाचण्यांमध्ये तरुणांना असे त्रास जास्त झाले आणि वयस्कर लोकांना कमी, पण संरक्षण वयस्करांनाही चांगलं मिळालं होतं.

आणि हे वाचून मला खरंच धक्का बसला होता: २०२२ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास आला, त्यात ज्यांना लस न देता नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं होतं त्यांच्यातल्याही साधारण ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असलं काहीतरी नोंदवलं होतं. लोक नाटक करत होते असं नाही हं, डोकं खरंच दुखतं, फक्त ते लशीने दुखलं की धास्तीने की त्या दिवशी असंही दुखणारच होतं हे एकट्या माणसाला आतून कळत नाही. माझी थंडी मात्र मी लशीच्याच खात्यात टाकते, तेवढं मला पण ठेवू द्या.

आता त्रास झालाच तर काय बघायचं. हात दुखणं, कणकण, ताप, थकवा हे एकदोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत जातं. काखेत गाठ सुजल्यासारखी लागू शकते, ती पण बसते, फक्त त्या दरम्यान मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) असेल तर लस घेतल्याचं आधी सांगा, नाहीतर उगाच टेन्शन. पाळीच्या तारखेबद्दल बायका बोलत होत्या आणि त्यांना बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही, नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की चक्र थोडं लांबतं, सरासरी एका दिवसाहून कमी, आणि पुढे मूळपदावर येतं. डोसच्या आधीच पॅरासिटामॉल घेऊन बसायची गरज नाही, ताप आल्यावर घ्या.

पण काही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत. डोसनंतर काही मिनिटांत अंगावर पुरळ, श्वास अडकणं, ओठ-जीभ सुजणं, यासाठीच तिथे १५ ते ३० मिनिटं बसवून ठेवतात, त्यामुळे "मला काही होत नाही" म्हणत सटकू नका. फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लशीनंतर, विशेषतः तरुण मुलांना आणि जास्त करून दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात छातीत दुखणं, धडधड, दम लागणं झालं तर डॉक्टर गाठा, हृदयाच्या स्नायूंना सूज हा दुर्मिळ पण खरा परिणाम आहे. अ‍ॅस्ट्राझेनेका आणि जॉन्सनच्या लशीनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांच्या काळात काही मोजक्या लोकांच्या रक्तात गुठळ्या झाल्या आणि सोबत प्लेटलेट पण उतरल्या, तर न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, पाय सुजणं, पोटात सतत दुखणं, अंगावर बारीक लाल ठिपके असं काही त्या काळात झालं तर डोसची तारीख डॉक्टरांना सांगायची म्हणजे सांगायचीच, कारण त्याचे उपचार नेहमीच्या गुठळीपेक्षा वेगळे असतात, हेपरिन (गुठळीवर नेहमी देतात ते रक्त पातळ करणारं औषध) टाळायला सांगितलं होतं. दुर्मिळ आहे म्हणून लपवायचं नाही आणि खरं आहे म्हणून प्रत्येक डोकेदुखीला ते चिकटवायचं नाही.

आता टक्के. इथे सगळेच आपटतात, मी पण आपटले होते. ९५ टक्के परिणामकारक म्हटल्यावर मला वाटलं की शंभरातल्या पाच लस घेतलेल्यांना कोविड होणार. नाही. फायझरच्या चाचणीचे आकडे घ्या, दोन्ही गटांत साधारण १८-१८ हजार माणसं, एका गटाला खरी लस, एकाला खोटी. दुसऱ्या डोसनंतर सात दिवस सोडून पुढे मोजलं, तर खोट्या लशीच्या गटात १६२ जणांना कोविड झाला आणि खऱ्या लशीच्या गटात ८ जणांना. १६२ व्हायला हवे होते तिथे ८ झाले, म्हणजे १५४ वाचले, १५४ भागिले १६२, झाले ९५ टक्के. पाच टक्के आजारी पडले असं कुठेच नाहीये, १८ हजारांत ८ पडले. दोन गटांमधली तुलना आहे ती, तुमची एकट्याची गॅरंटी नाही.

त्यामुळे कोणी टक्के फेकले की तीन गोष्टी विचारायच्या: कशापासून संरक्षण (साधी लक्षणं, दवाखान्यात भरती की मृत्यू), डोसनंतर किती दिवसांनी मोजलं, आणि तेव्हा कुठला व्हेरियंट फिरत होता. फायझरची ती चाचणी २०२० ची, तेव्हा डेल्टा पसरायचा होता आणि ओमिक्रॉन यायचा होता, आणि सरासरी दोनेक महिनेच लोकांवर लक्ष ठेवून आकडे काढलेले. कोव्हॅक्सिनची चाचणी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१, म्हणजे शेवटी शेवटी डेल्टा आलेला, तिथे २४ विरुद्ध १०६ असे आजारी पडले आणि आकडा आला ७७.८ टक्के. म्हणून ९५ आणि ७७.८ शेजारी ठेवून "बघा कुठली भारी" करण्यात अर्थ नाही, दोन वेगळ्या वर्षांचे पेपर आहेत ते, एकाला सोपा आला एकाला अवघड. दोन डोसमधल्या अंतराने पण फरक पडतो, अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांमध्ये साधारण ५५ टक्के आणि बारा आठवडे किंवा जास्त थांबलेल्यांमध्ये ८१ टक्के दिसले होते, अशाच माहितीवरून मग अंतर वाढवलं गेलं आणि लोकांना वाटलं की लस संपली म्हणून थापा मारतायत (तुटवडा पण होता, ते काही खोटं नाही).

दुसरा मोठा गोंधळ म्हणजे "दवाखान्यातले निम्म्याहून जास्त पेशंट लस घेतलेलेच आहेत". हे बऱ्याचदा खरं असतं, आणि तरीही लस काम करत असते. कागद घ्या, १००० माणसं लिहा, त्यातल्या ९०० जणांनी लस घेतलीय, १०० जणांनी नाही. समजा न घेतलेल्यांतले दहा टक्के भरती झाले, म्हणजे १०. घेतलेल्यांतले फक्त दोन टक्के भरती झाले, पण ९०० चे दोन टक्के म्हणजे १८. वॉर्डात एकूण २८ पेशंट आणि त्यातले १८ लस घेतलेले. वॉर्डात डोकावणारा म्हणणार बघा, लसवालेच जास्त, आणि प्रत्यक्षात न घेतलेल्याचा धोका पाचपट. (हे आकडे मी समजवायला घेतलेत.) पण ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रायलमध्ये नेमकं हेच झालं, गंभीर पेशंटपैकी जवळपास ६० टक्के लस घेतलेले निघाले आणि जगभर बोंब झाली, मग वयानुसार गट पाडून प्रत्येक गटात किती लोकांनी लस घेतलीय ते धरून मोजलं तर ५० च्या आतल्यांमध्येही आणि वरच्यांमध्येही गंभीर आजारापासूनचं संरक्षण ८५ टक्क्यांच्या वरच होतं. म्हातारी माणसं लस जास्त घेतात आणि दवाखान्यात पण तीच जास्त जातात, हे विसरलं की आकडे उलटे दिसतात.

बरं, "मी तर एकही डोस घेतला नाही, मला काही झालं नाही" हे पण ऐकायला मिळतं. ठीक आहे, चांगलं झालं. पण ज्याला झालं आणि जो गेला तो आपल्याला अनुभव सांगायला येत नाही, त्यामुळे गप्पांमध्ये ही बाजू कायम जड वाटते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी १८५ देशांचा हिशोब मांडला होता, लसीकरणाच्या पहिल्या वर्षात, ८ डिसेंबर २०२० पासून, साधारण १ कोटी ९८ लाख मृत्यू टळले असा त्यांचा अंदाज होता. मॉडेलवरून काढलेला आकडा आहे, डोकी मोजून नव्हे, हे मात्र सांगताना सांगायचं. टळलेला मृत्यू कोणाच्या अनुभवात येत नाही हीच तर पंचाईत आहे.

आणि ओमिक्रॉन, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आला तो. त्याच्यापुढे लागण होण्यापासूनचं संरक्षण काही महिन्यांतच बरंच उतरायचं, गंभीर आजारापासूनचं मात्र जास्त टिकायचं. कारण रक्तातल्या अँटिबॉडी कमी होतात पण आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात, त्या विषाणूला दारात अडवत नाहीत, आत आल्यावर लवकर आवरतात. मला तिन्ही डोस झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये झाला, तीन दिवस घसा, आणि घरी सगळ्यांना वाटून मोकळी झाले. त्यामुळे "लस घेतली की दुसऱ्याला देत नाही" असं सुरुवातीला जे छातीठोक सांगितलं गेलं ते ओमिक्रॉनच्या वेळी टिकलं नाही, आणि ते तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्त पण केलं गेलं नाही, लोकांचा राग त्यावरच जास्त आहे असं मला वाटतं.

अँटिबॉडी टेस्ट करून बघू का, हा प्रश्न येतोच. शक्यतो नको. काही टेस्ट विषाणूच्या काट्यांविरुद्धच्या अँटिबॉडी मोजतात आणि काही त्याच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या, फायझर-मॉडर्ना-अ‍ॅस्ट्राझेनेका फक्त काट्यांची ओळख करून देतात, त्यामुळे चुकीची टेस्ट केली तर रिपोर्ट शून्य येणार आणि तुम्ही रात्रभर जागणार. आणि आकडा आला तरी अमुक इतका असला की सुरक्षित अशी सर्वमान्य रेषा नाही.

आता अनुभव सांगायचा कसा. मी मामाकडून लिहून घेतलं, बसवून, अर्धा तास गेला कारण तो मध्येमध्ये सरकारवर घसरत होता. शेवटी झालं ते असं: "वय ६३, शुगर आहे. दुसरा डोस घेऊन पाच महिने झाले होते. ताप चार दिवस, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही, भरती व्हावं लागलं नाही. आधी कधी कोविड होऊन गेला का माहीत नाही. लस नसती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही." शेवटचं वाक्य लिहायला तो तयारच नव्हता, मामी पण नव्हती, दोघांनाही ते पटलं नाही म्हणजे बरोबर असावं असं म्हणून मी ते तसंच ठेवलं.

पुढचा डोस घ्यायचा का हे मात्र मामाच्या या कागदावरून ठरवायचं नाही, माझ्या थंडीवरून तर अजिबात नाही. वय, शुगर-हार्ट-किडनी असलं काही, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, मागच्या डोसला काय झालं आणि शेवटचा डोस कधी झाला, एवढं एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मामाने ठेवला, त्यांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, आणि ते काय दिलं हे तो आम्हाला अजून सांगत नाहीये.