पहिली लेन्स घेताय? या चुका टाळा

ताडोबाचं बुकिंग झालं की पोरं आधी ७५-३०० लेन्स घेतात (हे आकडे मिमीचे; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). वाघ दिसेल तेव्हा दिसेल, लेन्स मात्र लांबलचक पाहिजे. कॅननची साधी ७५-३०० स्वस्तात मिळते, कॅमेऱ्याला लावली की रुबाब येतो, आणि तिच्यात हाताची थरथर आवरणारं आयएस नाही हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

कॅननच्या १५००डी, २००डी या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला भाग, लहान. त्यामुळे ३०० मिमीवर चौकटीत येतं ते ४८० मिमीइतकं जवळचं, आणि थरथरही तेवढीच मोठी. हातात धरून काढायचं तर शटर निदान १/५०० सेकंद हवं. पहाटे साग-बांबूच्या सावलीत, एफ/५.६ वर (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा; लहान तितका उजेड जास्त), त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, ३२०० ते ६४०० पर्यंत चढवावा लागतो. नवशिके डायल ऑटोवर ठेवतात, कॅमेरा १/१२५ निवडतो, आणि घरी येऊन म्हणतात, ‘वाघ हलला’. फोटो मोठा करून बघा ना! झाडाची सालही ओढल्यासारखी दिसते? मग हात हलला. साल स्वच्छ आणि वाघच पुसट असेल तर खरंच वाघ हलला; तिथे आयएसही कामाचं नाही, शटरचा वेगच वाढवा. पुढचं गवत धारदार आलं असेल तर फोकस गवतावर बसला. ऑटो सोडा, मधला एकच फोकस बिंदू ठेवा.

खरी फजिती पुढेच. लांब लेन्ससाठी पैसे कमी पडले म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ विकून टाकलेली असते, आणि महिनाभरात घरात हळद निघते. दहा बाय बाराची खोली, दारात बायकांची गर्दी, भाऊ ७५-३०० घेऊन उभे. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायला ७५ मिमीवर साधारण बावीस फूट मागे जावं लागतं. भाऊ आधी अंगणात, मग गोठ्याजवळ, आणि नवरी घरातच. रात्रभरात हाती लागतात ते नुसते चेहरे, तेही हललेले.

१८-५५ विकू नका. तिच्यावर १८ मिमीला हेच काम साडेपाच फुटांत होतं. लांबची लेन्स हवीच असेल तर ५५-२५० आयएस एसटीएम घ्या; नवेगावचे पक्षी, शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) बैल, सगळ्याला पुरते. जिप्सीत गाडी बंद करायला सांगा आणि दांडीवर किलोभर हरभरे भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा.

दुसरं खूळ यूट्यूबचं: ‘५० मिमी एफ/१.८ घ्या, डोळे झाकून.’ लेन्स चांगलीच आहे. एफ/५.६ च्या मानाने जवळपास दहापट उजेड घेते. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की तिचं मोल कळतं. एफ/५.६, आयएसओ ३२०० वर जिथे शटर १/६० च्या पुढे जात नाही, तिथे एफ/२ आणि आयएसओ १६०० वर १/२५० मिळतं आणि लावणीचा हात जागच्या जागी थांबतो. पण पुढच्या रांगेत बसावं लागतं, आणि घरात तीच लेन्स उभ्या माणसासाठी पंधरा फूट मागते. बारा फुटांच्या खोलीत काय करणार? घरातल्या फोटोंसाठी कॅननवर २४ मिमी एफ/२.८ घ्या, सात फुटांत भागतं. निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची), तिला दहा फूट पुरतात.

आणि एफ/१.८ मिळालं म्हणून कायम तिथेच ठेवू नका. ५० मिमीने दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. नवरा स्पष्ट, अर्धं पाऊल मागे बसलेली नवरी धूसर. जोडप्याला एफ/४, चौघांच्या वर माणसं असतील तर एफ/५.६.

कोणता आकडा घ्यायचा हे दुकानात ठरवूच नये. १८-५५ ची झूम रिंग चिकटपट्टीने ३५ वर बांधा आणि आठवडाभर तेवढ्यावरच फोटो काढा. पुढचा आठवडा ५० वर. कोणत्या आकड्यावर पाय सारखे भिंतीला लागतात ते आपोआप कळतं. घाईच्या लोकांना हे जमत नाही. ते तिसऱ्या दिवशी ऑर्डर टाकून मोकळे होतात.

निकॉनवाल्यांनी नावातली अक्षरं वाचावीत. डी३५००, डी५६०० या कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्त म्हणून उचलली तर फोकस हातानेच फिरवावा लागेल. एएफ-एस लिहिलेली घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते. उलट डी३१००, डी५१००, डी९० वर एएफ-पी (नव्या पद्धतीच्या मोटरच्या) लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.

लेन्सच्या पुढे स्क्रूने बसवायचे, दुप्पट जवळ आणतो म्हणणारे ‘दोन एक्स’ भिंगाचे तुकडे घेऊ नका. स्वस्त यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची संरक्षक काच, रात्रीच्या दिव्यांसमोर काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची हिरवी भुतं फोटोभर दिसतात.

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही पाडली तरी परत द्या. पावसाळ्यात लेन्स तांदळाच्या कोठीत पुरणारे लोक आहेत. तांदळाची भुकटी झूमच्या फटीत शिरते आणि रिंग करकरायला लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून, पूर्ण गार करून परत आत.