डेस्कटॉपसाठी वायफाय डोंगल घेताय? आधी मोबाइल सीपीयूच्या मागे धरून बघा

घरचा डेस्कटॉप ठणठणीत असतो, फक्त त्यात वायफाय नसतं. मग यूएसबीला लावायचा वायफाय अ‍ॅडाप्टर, म्हणजे आपल्या भाषेत डोंगल, शोधायला आपण बसतो आणि खोक्यावरच्या आकड्यांत हरवतो. माझं सांगणं एवढंच आहे की आकडा शेवटी बघा, आधी डोंगल कुठे बसणार ते बघा.

राउटर त्याच खोलीत असेल तर डोंगल घेऊच नका. लॅनची केबल टाका, स्वस्तात काम होईल आणि नेट तुटणार नाही.

१. मोबाइलने जागा तपासा. ज्या पोर्टात डोंगल लागणार तिथेच मोबाइल धरून स्पीड टेस्ट करा. आमच्याकडे राउटर हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे. मध्ये एक विटांची भिंत आणि लोखंडी कपाट. टेबलावर मोबाइलला ९० एमबीपीएस मिळत होते. तोच मोबाइल टेबलाखाली, सीपीयूच्या पाठीमागे भिंतीलगत धरला तर ३५. अंतर हातभराचं, पण मध्ये सीपीयूचा अख्खा पत्र्याचा डबा येतो. डोंगललाही तिथे हेच भोगावं लागणार. राउटरची वायफायची दोन नावं दिसत असतील (एकाच्या शेवटी बहुधा ५जी, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, असतं), तर दोन्हींवर टेस्ट घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

२. ड्युअल बँडच घ्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी असते, मात्र भिंती तिला जड जातात. दोन्ही हाताशी असलेले बरे. नुसतं १५० लिहिलेले नखाएवढे स्वस्त डोंगल बहुतेक करून फक्त २.४ चे असतात, ते टाळा.

३. आता आकडा वाचा. खोक्यावरचं एसी६०० म्हणजे २.४ वरचे १५० एमबीपीएस आणि ५ वरचे ४३३ यांची गोळाबेरीज. डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे तुमच्या कामाचे ४३३. आणि प्रत्यक्षात हातात येतो तो साधारण त्याच्या निम्मा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला तेवढा पुरून उरतो. प्लॅन २००-३०० चा असेल तर एसी१२०० किंवा एसी१३०० घ्या, त्यात ५ वर ८६७ मिळतात. पण मग डोंगल आणि पोर्ट दोन्ही यूएसबी ३.० हवेत, कारण यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० आहे. ३.० चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं. राउटर वायफाय ६ चा नसेल तर महागड्या एएक्स, म्हणजे वायफाय ६ च्या, डोंगलवर पैसे घालू नका.

४. सोबत एक्स्टेन्शन केबल घ्या. माझ्या मते डोंगलइतकीच ही खरेदी महत्त्वाची. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर, राउटरच्या दिशेला आणा. याचा आणखी एक फायदा आहे. यूएसबी ३.० चं पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट करतं आणि डोंगल त्याला चिकटून असेल तर सिग्नल मार खातो. केबलमुळे तो लांब राहतो. बाहेर अँटेना असलेला डोंगल मिळत असेल तर तोच घ्या, दिसायला ओबडधोबड असला तरी.

५. ड्रायव्हरची, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सोय आधीच करा. खोक्यात सीडी येते, पण आता सीडी ड्राइव्ह असतो कुणाकडे? विंडोजने डोंगल आपोआप ओळखला नाही तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, त्या नेटवर ड्रायव्हर उतरवून घ्या. लिनक्स वापरत असाल तर चिपचं नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. रिअलटेकच्या काही चिपसाठी तो स्वतः बसवावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा खटपट. एकाच मॉडेलच्या व्ही१ आणि व्ही२ मध्ये चिप वेगळी असू शकते, म्हणून स्टिकरवरची आवृत्तीही वाचा.

६. परत करायची मुदत संपण्याआधी तपासा. रात्री नऊच्या सुमाराला, अख्खी इमारत नेटवर असताना. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे डोंगल आणि राउटर यांच्यातला वेग, दिसतो. एसी६०० घेऊनही तो ७२ किंवा त्याहून कमी असेल तर डोंगल बहुधा २.४ वर जोडला गेलाय, नाहीतर सिग्नल तरी क्षीण आहे. ५ चं नाव निवडा, केबल हलवून जागा बदला. लिंक स्पीड ४३३ दाखवतोय आणि तरी डाउनलोड रखडतंय, तर मोबाइल घेऊन राउटरजवळ जा. तिथेही वेग तेवढाच निघाला तर डोंगल परत करू नका, नेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन करा.